इंटरनेटवरची कुंभेरी

सांगलीत कचेरीच्या भिंतीला लागून सहा-सात टायपिस्ट ओळीनं बसायचे. त्यातला तिसरा राजरत्न लादे. वय एकोणचाळीस, कपाळावरचे केस मागं हटलेले, पण बोटं अशी चपळ की शेजारचे टायपिस्ट हातातलं काम थांबवून बघत राहायचे. जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, नावात बदल केल्याचं प्रतिज्ञापत्र. 'मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की' हे शब्द त्यानं आयुष्यात इतक्या वेळा टाइप केले होते की झोपेतही चुकले नसते. कोण कुठला, कुणाचा मुलगा, हे तो दिवसभर कागदावर पक्कं करून द्यायचा.

त्याचं स्वतःचं गाव मात्र पाण्याखाली होतं. पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात, कुंभेरी. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा राजरत्न वर्षाचा होता. सरकारनं गाव ट्रकमध्ये बसवलं, तेही तुकड्यातुकड्यानं. काही घरं रायगडात गेली, काही ठाण्याकडं, आणि लाद्यांसारखी थोडी सांगली जिल्ह्यात. त्याचे वडील धोंडिराम मरेपर्यंत म्हणत राहिले की एकदा सगळ्यांना शोधायला पाहिजे. पण शोधायचं कुठं?

१९९९च्या फेब्रुवारीत अपेक्षा नावाची मुलगी एक प्रतिज्ञापत्र करून घ्यायला आली. म्हसवडकडच्या धनगराच्या घरातली. वडील तात्याबा अजून मेंढरं घेऊन फिरायचे, आणि ही कॉम्प्युटरचा कोर्स करून विश्रामबागेतल्या नव्या सायबर कॅफेत काम करत होती. राजरत्नची बोटं तिनं पाहिली आणि ती प्रतिज्ञापत्राचं विसरूनच गेली.

"आवं काका, तुमी हितं काय करताय? आमच्याकडं या. तिथं लोक एका बोटानं एकेक अक्षर हुडकत बसत्यात!"

दुसऱ्याच दिवशी राजरत्न गेला. फोनच्या तारेतून किरकिर, शीळ, खरखर असे चमत्कारिक आवाज आले आणि पडदा उजळला. अपेक्षानं त्याला ई-मेलचा पत्ता काढायला बसवलं. त्यानं नाव टाकलं, 'rajratna'. पडद्यावर उत्तर आलं की हे नाव आधीच कुणीतरी घेतलंय.

"माझं नाव? कुणी घेतलं?" तो खुर्चीतून अर्धा उठलाच.

"आसंल कुनी दुसरा राजरत्न. जगात तुमी एकटेच हाय व्हय? मागं काईतरी जोडा."

त्यानं क्षणभर विचार केला आणि जोडलं, 'kumbheri'. ते नाव कुणीच घेतलेलं नव्हतं. घेणार कोण? नकाशावरही ते राहिलं नव्हतं. पडद्यावर स्वागताची ओळ उमटली. जवळजवळ चाळीस वर्षांनी कुंभेरीचा पत्ता पुन्हा जिवंत झाला होता.

महिनाभरात त्याला वेडच लागलं. चॅटरूममध्ये, म्हणजे गप्पांच्या खोलीत, कॅनडातला एक नागपूरकर त्याचा वेग बघून विचारायचा, तू माणूस आहेस की मशीन? आणि एका दुपारी अपेक्षानं त्याला दाखवलं की इथं स्वतःचं पान फुकट करता येतं, खाली पाहुण्यांसाठी वही ठेवता येते, जगातला कुणीही त्यात लिहून जाऊ शकतो. राजरत्न सायकल दामटत घरी आला.

"आई, कुंभेरीत घरं किती होती?"

बायडाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "येक्केचाळीस. आपल्या आळीत तेरा."

"सगळी सांग. एकेक."

सलग चार दिवस ती सांगत राहिली. घराचा कारभारी कोण, पोरं किती, लेकी कुठं दिल्या, दारात झाड कसलं. बौद्ध आळी झाली, मग वरची आळी, मग नदीकडची. राजरत्ननं सगळं इंग्रजी अक्षरांत बसवलं, कारण मराठी अक्षरं प्रत्येक मशीनवर दिसायची नाहीत. नावं, बापांची नावं, घर नंबर, कुणाची मुलगी कुणाला दिली, पाणवठा कुठला, देऊळ कुठलं, काहीही त्यानं सोडलं नाही.

अपेक्षानं पान वाचलं. "काका, एवढं समदं लिवायचं का? आमचे तात्या वाटेत कुनी इचारलं तर मेंढरं किती, मुक्काम कुठं, ते बी सांगत न्हाईत."

"अगं, लपवायला आपल्याकडं हाय काय? लोकांनी ओळखावं म्हणून तर लिवलंय."

अकराव्या दिवशी पाहुण्यांच्या वहीत पहिली नोंद आली. पनवेलहून पायल नावाच्या मुलीची. तिनं लिहिलं होतं: 'माझे आजोबा ज्ञानू कुंभेरीचे. त्यांना यादी वाचून दाखवली तर ते नऊ नंबरच्या घरापाशी रडायला लागले. म्हणतात, बायडी माझी बहीण.'

राजरत्ननं ते तीनदा वाचलं. मग तो कॅफेतल्या अनोळखी पोरांना ओरडून सांगू लागला, "मामा सापडला! माझा मामा!" पोरं खुर्च्या वळवून बघायला लागली, आणि अपेक्षा हसता हसता डोळे पुसू लागली. त्याच संध्याकाळी एसटीडी बूथवरून बायडाबाई आपल्या भावाशी बोलली. बोलली म्हणजे पहिली दोन मिनिटं दोघंही नुसती "आं? आं?" करत राहिली. मग ती ओरडली, "आरं ज्ञान्या, जिता हाईस व्हय रं तू!" बूथवाल्यानं काचेचं दार उघडून बघितलं.

मेअखेरपर्यंत चौदा घरं सापडली. कुणी पुण्यात, कुणी बडोद्यात, एक जण फौजेतून थेट जोधपूरहून लिहीत होता. राजरत्न कचेरीसमोर बसायचा, पण लक्ष सगळं विश्रामबागेत.

याच दिवसांत एका बाईची नोंद आली. तिनं एवढंच लिहिलं होतं की माझं सासरचं गाव पानावरून काढा, मी तिथून निघून आलेय, आणि मी सापडावं असं मला वाटत नाही. राजरत्न वाचून गोंधळला. काढू सवडीनं, असं म्हणून त्यानं ते ठेवून दिलं. पुढं ही गोष्ट त्याला फार लागली.

जुलैत सयाजीचा ई-मेल आला. 'मी अर्जुनाचा मुलगा, घर नंबर सव्वीस. वडील वारले. कुंभेरीचं कुणी भेटेल असं वाटलंच नव्हतं.' अर्जुना म्हणजे धोंडिरामाचा जिवाभावाचा सोबती. राजरत्ननं लगेच घरी बोलावलं.

रविवारी सयाजी आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. बायडाबाईच्या पाया पडला. आपल्या आईचं नाव बरोबर सांगितलं, दारातला फणस सांगितला, शेजारच्या घरात कोण ते सांगितलं. चहा झाल्यावर सयाजीनं एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. कुंभेरीच्या दोन जुन्या रहिवाशांनी लिहून द्यायचं होतं की हाच अर्जुनाचा एकमेव वारस. साताऱ्याला प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी अर्ज केलेलाच होता. दाखला मिळाला की सरकारी नोकरीत राखीव जागेचा हक्क, आणि तो एका घरात एकालाच.

राजरत्ननं पेनाचं टोपण काढलं. बायडाबाई मात्र अजून गप्पांतच रमली होती.

"तुजा बाप लय गोड गायचा रं. पानवट्यावर बसून."

"व्हय मावशी, सांगायचे की. तळझऱ्यावर बसून गायचे."

"कुटं?" बायडाबाईनं विचारलं.

"तळझऱ्यावर. गावाचा पाणवठा नव्हं का?"

बायडाबाईनं लेकाकडं बघितलं, आणि राजरत्नच्याही ध्यानात आलं. गावाचा झरा होता टाळझरा. खडकावर पाणी पडायचं ते टाळ वाजल्यासारखं, म्हणून टाळझरा. बापाच्या तोंडून ते नाव ऐकलेला माणूस तळझरा म्हणूच शकत नव्हता. म्हणणार तो फक्त 'Talzara' हे वाचलेला माणूस. आणि ती अक्षरं राजरत्ननंच टाइप केली होती.

क्षणभर त्याला वाटलं, धरावं गचांडीला. पण वीस वर्षं कागदांत गेलेला माणूस तो. त्यानं पेनाला टोपण लावलं आणि अगदी सहज आवाजात म्हणाला, "सयाजीराव, हा मसुदा चुकलाय. असा दिला तर परत येईल. माझ्याकडं ठेवून जा, नीट टाइप करून पोस्टानं पाठवतो."

सयाजी खूश होऊन गेला. कागदावर त्याच्या अर्जाचा क्रमांक होता, पत्ता होता, कोपऱ्यात फोटोसुद्धा डकवलेला होता.

"आई, चूक माझीच," राजरत्न म्हणाला. "सगळं गाव मीच त्याच्या हातात दिलं."

"मग आता काडून घे," बायडाबाई म्हणाली. "बसून काय र्‍हायलास?"

सोमवारी पहाटेच्या एसटीनं तो साताऱ्याला पोचला. पुनर्वसन कार्यालयातल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हरकत लेखी द्या. पण हा खोटा म्हणता, तर खरा वारस कोण? पंधरा दिवसांत कुणी आलं नाही तर मला कागद बघूनच ठरवावं लागेल." बाहेर एक टायपिस्ट बसला होता. राजरत्ननं त्याला उठवलं, त्याच्या मशीनवर स्वतः बसला आणि दहा मिनिटांत दोन पानी हरकत खडखडवून दिली. तो सातारकर बघतच राहिला. "गड्या, तू हितं येऊन बसू नगंस हां," एवढंच म्हणाला.

त्याच संध्याकाळी कॅफेत परतून राजरत्ननं पानावरून आधी त्या बाईचं सासर पुसलं. मग घर नंबर, बापांची नावं, पाणवठा, झाडं, सगळं पुसलं. मग ठळक अक्षरांत लिहिलं: 'अर्जुनाच्या घरचं कुणी असेल तर तातडीनं कळवा. त्यांच्या नावावर दुसराच माणूस उभा राहिलाय.' सापडलेल्या प्रत्येकाला वेगळा ई-मेल पाठवला.

पाच दिवस गेले. सहा. राजरत्न दिवसातून तीनदा कॅफेत. अपेक्षा त्याला आत येताना बघूनच नकाराची मान हलवायची. नवव्या दिवशी मात्र ती दारातच उभी होती आणि रस्त्यापलीकडूनच हात हलवत होती. "काका! आलं! पनवेलवरनं आलं!"

पायलनं ती सूचना कागदावर छापून आजोबांना दिली होती, आणि सत्तरीचा ज्ञानूमामा तो कागद खिशात घालून रायगडातल्या पुनर्वसनाच्या वस्त्या एसटीनं पालथ्या घालत सुटला होता. चौथ्या वस्तीत, अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करणारी एक बाई कागदावरचं नाव ऐकून म्हणाली, हा तर माझा बाप. बयाबाई. अर्जुनाची एकुलती एक लेक. अर्जुनाला मुलगा कधी झालाच नव्हता. अर्जुना स्वतः नव्या वस्तीत, तिच्या जन्मानंतर चार वर्षांतच वारला होता.

तेराव्या दिवशी साताऱ्याच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात सगळी जमली. ज्ञानूमामा बयाबाईला घेऊन आला, राजरत्न बायडाबाईला. भाऊ-बहीण सदतीस वर्षांनी समोरासमोर आले. एकमेकांच्या तोंडावरून हात फिरवत राहिले, आणि शिपाई येऊन म्हणाला, आत बोलावलंय, तरी दोघांना ऐकू गेलं नाही.

बयाबाईनं पिशवीतून पत्र्याची डबी काढली. त्यात १९६२ची पुनर्वसनाची चिठ्ठी होती, घडीवर फाटलेली, पण शिक्का वाचता येत होता. साहेबांनी जुनं रजिस्टर मागवलं, चिठ्ठी शेजारी धरली आणि विचारलं, "बाई, गावचं आणखी काय आठवतं?"

"मी तितं जल्मलेच न्हाई सायेब," बयाबाई म्हणाली. "पर आईनं येवडं सांगितलंय की डोळं मिटून हिंडंन."

आणि तिनं साहेबांच्या टेबलावर बोटानं गाव काढायला सुरुवात केली. ही वाट, हा उतार, इथं टाळझरा, इथं आमचं घर. बायडाबाई मागून म्हणाली, "व्हय व्हय, तितंच!" आणि मग न राहवून स्वतःही टेबलाशी गेली.

खोटा अर्ज बाद झाला, प्रकरण पोलिसांकडं गेलं. त्या माणसाचं खरं नाव सयाजी नव्हतंच, एवढं पुढं कळलं. बयाबाईच्या थोरल्या लेकाला, बिरदेवला, दाखला मिळाला.

राजरत्ननं पान बंद केलं नाही. पण पुसलेलं परत लिहिलंही नाही, त्यावरून लोकांनी भांडून बघितलं. जोधपूरचा फौजी चिडून लिहायचा की आमची नावं का पुसली, आम्ही चोर आहोत का? राजरत्ननं त्याला सविस्तर उत्तर दिलं, तरी त्याला पटलं नाही. आता पानावर फक्त गावाचं नाव होतं आणि राजरत्नचा पत्ता. जो येईल त्यानं आधी बायडाबाईशी फोनवर बोलायचं. ती काय विचारायची ते ती लेकालाही सांगत नसे. दोघांना तिनं परत पाठवलं. त्यातला एक बहुधा खरा होता, असं राजरत्नला अजूनही वाटतं.

त्या डिसेंबरात पाटणला एका शाळेच्या पटांगणात कुंभेरी जमली. सव्वीस घरांची माणसं, लेकरं धरून दोनशेच्या वर. म्हसवडहून अपेक्षा तात्याबांना घेऊन आली होती, आणि बौद्ध आळी, वरची आळी, नदीकडची आळी असं न बसता सगळी एकाच पंगतीत बसली, जे जुन्या गावात कधी घडलं नव्हतं. बायडाबाईला माइक दिला तर तिनं तो उलटा धरला. तिकडं ज्ञानूमामा आणि जोधपूरचा फौजी नदीकाठचा एक आंबा नक्की कुणाचा यावरून हातघाईवर आले होते. राजरत्न दोघांच्या मध्ये उभा राहून हसत होता, आणि दोघंही त्याचाच हात धरून ओढत म्हणत होते, "तू सांग रं, तू लिवलं हुतंस न्हवं!"