दातातली महागडी चकती

समोरच्या बाकावरचा दाढीवाला तरुण गळा धरून निळा पडत होता आणि मला वाटलं, नाटक करतोय. गाडीत असे लोक असतात. एक तडफडतो, दुसरा सामान उचलतो. मी आधी गाठोडं मांडीखाली दाबलं आणि त्याचा जोडीदार कोण ते बघू लागले.

सेलूपासून तो गिटारीच्या खुंट्या पिळत होता. तारा छेडायची नखाएवढी तीनकोनी चकती तेवढा वेळ दातात धरायचा. चुडावा सोडताना गाडीनं हिसका दिला आणि ती घशात गेली.

डोळे पांढरे झाले तेव्हा मला पटलं. एका हातानं गाठोडं धरून दुसऱ्यानं मी त्याला वाकवलं आणि पाठीत गुद्दे घातले. चकती बाहेर उडाली. श्वास परत आला तसा तो बाकाखाली शिरून तीच शोधू लागला.

"आरं, जीव चालला व्हता तुजा!"

"लय महाग हाय ती, आजी."

"मंग तोंडात कशाला धरतूस?"

"हरवू नये म्हणून. साधी असली की खिशात टाकतो."

ती सापडल्यावर त्यानं खिशातली साधी काढली आणि दोन्हींनी वाजवून दाखवलं. मला काडीचा फरक कळला नाही.

"तुला तरी कळतो का?"

साधी खिशात गेली. महागडी सदऱ्याला पुसून त्यानं पुन्हा दातात धरली आणि खुंटी पिळू लागला.

नांदेड येईपर्यंत मी गाठोडं सोडलं नाही. तो माझ्यादेखत चालत उतरला. वाचला.