धुक्याच्या दिवसाचा शर्ट

२०१९ साल. मी शहात्तर वर्षांचा होतो आणि ते ऐंशीचे. ब्रिटनमधल्या कार्डिफला कौन्सिलच्या इमारतीत ते माझ्या वरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. सकाळी बाल्कनीत येऊन बोट थुंकीनं ओलं करायचे आणि हवेत धरायचे. वारा लागला की तोंड वाकडं. नाही लागला की खाली माझ्या खिडकीकडे बघून ओरडायचे, "घाट्या, वारो पडलो! पोरगो येतलो!"

पोरगा येत नसे. त्याचा आवाज यायचा.

ते मालवणकडचे, जन्म जहाजाच्या इंजिनात गेलेला. मी साताऱ्याकडचा, ओतकामाच्या कारखान्यातला, शाळा तिसरीत सुटलेली. त्यांच्याकडे स्कॅनर होता. विटेएवढा रेडिओ, बोटींची आपसातली बोलणी पकडणारा. त्यावर ऐकता येतं, बोलता येत नाही. मुलगा तिकडे कॉर्नवॉलच्या बंदरात टगबोट चालवायचा, मोठी जहाजं ओढून धक्क्याला लावायचा. इतक्या लांबचं एरवी काही येत नाही, नुसती खरखर. पण हवा दाबून बसली, खाली गार आणि वर ऊबदार झाली, दर्यावर धुकं धरलं, की नळातून पाणी धावावं तसा तो आवाज आमच्यापर्यंत येतो.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"दर्यान. तुका घाट्याक काय समाजतला!"

सगळी इमारत धुक्याला शिव्या घालायची तेव्हा हा माणूस दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा. चहाचे दोन कप. एक स्वतःला, एक स्कॅनरपुढे. मुलाचे इंग्रजीतले चार शब्द यायचे, दोर सोडा, दोर बांधा, एवढेच. मध्ये खोकला. लगेच हे पुढे वाकायचे, "खोकता हा. मफलर घाल रे, मफलर!"

"अहो, त्याला ऐकू जात नाही."

"माका म्हायत आसा," म्हणायचे, आणि तो दुसरा कपही स्वतःच पिऊन टाकायचे.

त्यांची बायको गेली तेव्हा मुलगा दहन झाल्यावर पोचला होता. धुक्यात बोट अडकली, म्हणाला. आयुष्यभर धुक्यातल्या जहाजांवर राबलेला हा माणूस सगळ्यांदेखत म्हणाला, "धुक्याची निमित्तां माका सांगू नको. भायर हो." मुलगा निघाला. जाताना जिन्यात माझ्या हातात नंबर ठेवला. "काका, काही झालं तर."

त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत.

त्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली. जीपीनं, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं, हॉस्पिटल सांगितलं. "थंय एरियल लावूक देतले?" असं विचारून त्यांनी विषय संपवला. आणि वादळं सुरू झाली. एक ओसरतंय तोवर दुसरं. बाल्कनीतली एरियल वेड्यासारखी हलायची, स्कॅनर खरखरत राहायचा. त्यांना उठवत नव्हतं, म्हणून बोट ओलं करून मीच बाहेर धरायचो.

"पडलो?"

"नाही."

तरी शर्टाला इस्त्री करून खुर्चीवर लावायला सांगायचे. मी करायचो.

"मी फोन करतो त्याला," शेवटी म्हणालो.

"तेणां करूक होयो. मी जितो आसंय तवसर तू फोन करू नको. शब्द दी."

मी दिला. तुमच्यातले काही म्हणतील, म्हातारे हट्टी. म्हणा. मरणाऱ्या माणसानं मागितलेला शब्द मोडणाऱ्यातला मी नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी पाऊस काचांवर आपटत होता. त्यांनी डोळे उघडले, स्कॅनरकडे पाहिलं. "मोठो कर," म्हणाले. मी मोठा केला. खरखर मोठी झाली. ती ऐकतच ते गेले. न्यायला माणसं आली, त्याआधी मी खुर्चीवरचा शर्ट त्यांच्या अंगात घातला. संध्याकाळी वारा पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली घेऊन मी वर गेलो. बाल्कनीतून समोरची इमारत दिसत नव्हती. स्कॅनर लावला. आवाज असा स्वच्छ आला की जणू तो आतल्या खोलीत होता. कुठलंसं मोठं जहाज धुक्यातून आत येत होतं आणि तो खोकत खोकत त्याला ओढत होता. माझा शब्द कालच सुटला होता, पण रात्री माझ्याच्यानं फोन उचलवला नव्हता. नंबर खिशात होता. पण धुक्यात माणूस कामावर होता.

मी उभाच राहिलो. जहाज धक्क्याला लागलं. दोर बांधला, असं तो म्हणाला. मग मी फोन लावला.