बुरोंडीच्या कुसुमताई

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर माझ्या बनियनची भोकंही तोंडपाठ असतात. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही समोर नाही आहात.

सुरुवात झाली एका फजितीने. दोन हजार सहाच्या सुमारास मी ब्लॉग काढला. रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीत फायली सरकवणारा पन्नाशीचा माणूस — घरी कॉम्प्युटर आला आणि मला लेखक व्हायची सुरसुरी आली. मासळीबाजार, शेजारणीची मांजरं, आमच्या सौ.चं स्कूटर शिकणं, असं काहीबाही लिहायचो. तीन महिने झाले तरी प्रत्येक लेखाखाली तेच — शून्य प्रतिक्रिया. शेवटी एका दुपारी मीच लिहिलं, 'वा! डोळे पाणावले. असंच लिहीत राहा.' आणि पाठवून दिलं. वर नाव कोणाचं? माझंच! लेख माझा, पाणावलेले डोळेही माझेच. पुसायचं कसं ते कळेना, म्हणून दोन दिवस ते तसंच लटकत राहिलं.

दुसरा कोणी तिथे थांबला असता. मी नाव बदलायला शिकलो.

अशा कुसुमताई जन्मल्या. बुरोंडीच्या, साठी उलटलेल्या, मुलाने मुंबईहून पाठवलेल्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करणाऱ्या. बाई आणली होती कौतुक करायला — पण पहिल्याच दिवशी मला झापून गेली. 'बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं नाहीत? मेल्या, ते तिखलं की काढा?' हे मला कुठून सुचलं, देव जाणे. पण खरे वाचक यायला लागले ते त्यांच्यासाठी. कोणी नागपूरहून, कोणी थेट दुबईहून. माझा लेख वरवर चाळायचे आणि खाली कुसुमताई काय म्हणाल्या ते मन लावून वाचायचे. खरं सांगू? — मला त्यांचा हेवा वाटायचा.

आणि मग मृणाल आली. मुंबईत पीएच.डी. करत होती, ब्लॉगमुळे माणसांचं एकमेकांशी बोलणं कसं बदलतं, असा काहीसा विषय. आमच्या ओटीवर बसून तिने बाड उघडलं. कुसुमताईंची एकूण एक प्रतिक्रिया छापून आणलेली, तीन रंगांत खुणा करून! म्हणाली, "काका, गावातली एक बाई घरबसल्या अनोळखी जगाला दटावते आहे — माझं तिसरं प्रकरण म्हणजे कुसुमताईच. उद्या बुरोंडीला जाते. पत्ता द्याल?"

मी हातातली आंबोळी परत बशीत ठेवली. तेवढ्यात आतून बायको — "पत्ता कशाला? अहो, रजा टाका आणि तुम्हीच घेऊन जा तिला. मीही येते. मला बघायचीच आहे ती बाई."

तेव्हा सांगता आलं असतं ना? 'अगं, ती मीच.' एवढंच तर वाक्य होतं. फार तर दोघी पोट धरून हसल्या असत्या. आणि मी काय म्हणालो?

"कुसुमताई गेल्या. परवाच."

मृणालने पेनाला टोपण लावलं. तिचे डोळे भरून आले. बायको हातात उलथणं घेऊन दारात तशीच उभी राहिली. आणि मी — मीही पंच्याने डोळे टिपले.

थांबा, अजून व्हायचंय. मी मृत्युलेख लिहिला. त्याच्यावर आल्या तेवढ्या प्रतिक्रिया मला जन्मात आल्या नव्हत्या. दुबईच्या गृहस्थांनी लिहिलं, 'माझी आई दुसऱ्यांदा गेली.' आणि मला मजा आली हो! एकेक वाचताना गुदगुल्या होत होत्या — काय लिहिलंय मी! लोक रडत होते आणि मी चहा मागवून पुन्हा पहिल्यापासून वाचत होतो.

मृणालने प्रबंध पुरा केला. पहिल्याच पानावर, 'कै. कुसुमताईंस.' त्या प्रबंधावर पोरगी प्राध्यापक झाली; आता ते तिसरं प्रकरण वर्गात शिकवते. दिवाळीला न चुकता फोन करते आणि त्यांची आठवण काढते. मीही काढतो — गहिवरून! तिने खरं काय ते शोधण्यात वर्षं घातली, आणि मी तिच्या हातात जाणूनबुजून खोटं ठेवलं. घाबरलो होतो, असं म्हणू? भीती तर पाच मिनिटांत गेली होती. त्यानंतरचे सगळे दिवस खरं सांगायला मोकळेच होते.

एवढं लिहिलं आणि कागद बायकोकडे दिले. ती ओटीवर बसून वाचत होती; मधेच खिदळल्याचं ऐकू आलं. आत आली तेव्हा चष्मा कपाळावर होता.

"बाई तुमच्यापेक्षा बरं लिहायची," ती म्हणाली. "मी दोन दिवस नीट जेवले नव्हते तिच्यापायी. आता मृणालला फोन लावा आणि सांगा, कुसुमताई जिवंत आहेत. मग ती पोर जे काय बोलेल ना, ते उभ्याने ऐका."