पडद्याजवळची पाटी

त्या फेट्याचा राग माझा अजून गेलेला नाही. गुलाबी, सोनेरी काठाचा फेटा. माझ्या बहिऱ्या भावाच्या डोक्यावर तो बांधला आणि त्याच्या हातातलं काम काढून घेतलं. आमच्या कोल्हापुरात एखाद्याला बाजूला बसवायचं असलं की त्याचा सत्कार करतात.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. लहानपणी तापात त्याचे कान गेले. दुकानांच्या पाट्या रंगवून त्यानं संसार केला, आणि फ्लेक्स आल्यापासून तो घरीच असतो. सिनेमाचं वेड मात्र आम्हा दोघांना सारखंच. थिएटरात मी शेजारी बसून बोटांनी त्याला गोष्ट सांगायचे, त्यामुळे विनोदाला तो सगळ्यांच्या मागून एकटाच हसायचा. लोक वळून बघायचे. मला लाज वाटायची, हेही सांगून टाकते.

मग आमच्या फिल्म क्लबात तो परदेशी मूकपट लागला. रक्त पिणाऱ्या सरदाराचा. टक्कल, उंदरासारखे पुढचे दात, वीतभर नखं, आणि झोपायला मातीनं भरलेली पेटी. एका प्रसंगात तो दिसतच नाही, नुसती त्याची सावली जिन्यावरून वर चढते. तेव्हा दादानं माझं मनगट असं आवळलं की दोन बांगड्या फुटल्या. मला अजून सावली दिसलीही नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या आधी घाबरला होता. क्लबकडच्या त्या रिळाला संगीतसुद्धा नव्हतं, अख्खं सभागृह दादाइतकंच बहिरं होऊन बसलं होतं. बाहेर आल्यावर त्यानं दोन बोटं वाकवून दातांपाशी धरली. तेव्हापासून आमच्या घरात त्या सिनेमाचं नाव तेच.

मधेमधे पडद्यावर मजकूर यायचा, तो इंग्रजीत. लोक एकमेकांना ढोसून ‘काय लिहिलंय?’ विचारायचे. म्हणून मी त्याचं मराठी केलं आणि दादानं काळ्या पुठ्ठ्यांवर पांढऱ्या अक्षरांत पाट्या रंगवल्या. पुढच्या वेळी तो पडद्याच्या कडेला उभा राहिला. मजकूर आला की पाटी वर, तिच्यावर बॅटरीचा उजेड, मनात चार आकडे, की पाटी खाली. त्याची वेळ कधी चुकली नाही. ज्याला आयुष्यभर दुसऱ्यांनी गोष्ट सांगितली, तो तिथं दोनशे माणसांना गोष्ट सांगायचा. दर दोन-तीन वर्षांनी लोक हाच सिनेमा मागायचे. रविवारी सकाळी दहा वाजता, खिडक्यांना जाड पडदे लावून.

कशाला मागायचे? जुनी भुतं आता कोणाला घाबरवतात, असं विचारणाऱ्या शहाण्यांना मी एकदा त्या अंधारात बसवीन. पहिली दहा मिनिटं पोरी खिदळतात. सरदाराची चाल बघून कुणीतरी शीळ घालतं. मग हळूहळू खिदळणं बंद पडतं. तो ओरडत नाही, धावत नाही, नुसता येत राहतो. तो येतोय हे कुणी आवाजानं कळवत नाही, आपलं आपल्यालाच डोळे उघडे ठेवून बघावं लागतं. दादा तर रस्ता ओलांडतानाही तसाच बघतो.

यंदा क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला. “ताई, पाट्या नकोत ह्या बारीला. मजकुराचे तुकडे कापून टाकल्यात आमी. माइकवर मिमिक्रीवाला हाय, पब्लिक खूश हुईल.”

“आणि दादाला काय कळणार?”

“अवो, त्यास्नी तोंडपाठ हाय की पिच्चर! आन् त्यांचा सत्कार ठेवलाय न्हवं का!”

मी तोंडाला येईल ते बोलले आणि फोन आपटला. दादाला मात्र सांगितलं नाही. ऐनवेळी जाऊन मी हे सगळं हाणून पाडीन, असा माझा तोरा होता. तिकडे तो आठवडाभर पाट्यांवरची उडालेली अक्षरं परत रंगवत होता. रोज एक वाळत घातलेली दिसायची आणि रोज मी उद्यावर ढकलायचे.

रविवारी फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. सेक्रेटरी माइकवर वीस मिनिटं दादाच्या कलेबद्दल बोलले आणि त्यातलं एक अक्षर त्याला ऐकू आलं नाही. तो भलत्याच जागी हसून हात जोडत होता. मला त्या माइकची वायर उपटावीशी वाटली. पण चारचौघांत तमाशा नको म्हणून मी बसून राहिले.

सिनेमा सुरू झाला. सरदार दारात उभा राहिला आणि माइकवरून आवाज आला, “आलोय बगा पावणं, तांबडा रस्सा हाय का?” सभागृह फुटलं हसून. दादानं चमकून मागं पाहिलं. या जागी कधीच कुणी हसलं नव्हतं. मग पहिल्या पाटीचा प्रसंग आला. मजकूर आलाच नाही. तो क्षणभर थांबला, आणि यंत्रच चुकलं असावं अशा समजुतीनं पिशवीतली पाटी काढून पडद्याशी जाऊन उभा राहिला. बॅटरी लावली. फेट्याच्या तुऱ्याची सावली सरदाराच्या तोंडावर पडली.

“ओ फेटंवालं, खाली बसा की! काय दिसंना झालंय!”

शिट्ट्या, आरडाओरडा. पाठ लोकांकडे नव्हती त्याची, सगळ्यांची तोंडं त्याला दिसत होती. तरी पाटी खाली आली नाही, त्याचे चार आकडे व्हायचे होते. आणि मी उठले. वायर उपटायला नाही. मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत खुर्चीवर आणून बसवलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींच्या दारात जाऊन मी असा आवाज चढवला की गल्ली गोळा झाली. शाल तिथंच टाकून आले. पण तो फार सोपा राग होता.

त्याआधी, रविवारी दुपारीच, दादानं घरी सगळ्या पाट्या ओळीनं मांडून तपासल्या. मग बोटांनी विचारलं, “माझी वेळ चुकली?”

मी मान हलवली. नाही.

“मग तू मला का ओढलंस?”

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. ते मांडीवरून हलले नाहीत. मग त्यानं डोक्यावरचा फेटा उतरवला आणि माझ्या हातांवर आणून ठेवला.