माडावरून वाचलेला कागद

तो माड चढणारा गडी. कानावर विडी, कमरेला कोयता, आणि प्रत्येक वाक्याआधी एक खाकरणं. रोज भेटायचा, पण नाव मी कधी विचारलं नाही.

मी नगरपालिकेत दिवाबत्तीचा कारकून. महिन्याचा जमाखर्च कचेरीच्या भिंतीवर लावायचा ठराव झाला, तेव्हा कोणाला वाचता येऊ नये इतक्या उंच तो कागद मीच ठोकला. कारण आमच्या आळीच्या कंदिलाचं रॉकेल माझ्या घरी जळत होतं. आज प्रथमच सांगतोय.

निवडणूक आठवड्यावर आली होती. हा गडी भिंतीलगतच्या माडावर सरसर चढला आणि वरूनच वाचू लागला, "गटारं उपसल्याचा खर्च! कुनी बगितली काय उपसताना?"

"नाय बगितली!" खाली जमलेला बाजार हसत ओरडला. जुने सभासद घाम पुसू लागले.

मग आमच्या कंदिलाची ओळ आली. तो थांबला. माडावरून सगळ्यांची मागीलदारं दिसतात. माझ्या पडवीतला पालिकेचा रॉकेलचा डबा त्याला ठाऊक होता. माझ्याकडे बघून तो खाकरला. "हितं शाई पसरलीय. फुडच्या म्हैन्यात वाचतो."

त्याच संध्याकाळी मी डबा परत नेला. आळीत कंदील लागला.

निवडणुकीनंतर नवे सभासद म्हणाले, पुढच्या महिन्याचा कागद आता खाली लावा. मी तो जुन्याच उंच खिळ्याला अडकवला; तो माडावरूनच वाचला जायला हवा होता.

गडी माडावर चढला आणि कंदिलाची ओळ त्याने सगळ्यांत मोठ्याने वाचली. "कंदील पेटतो काय?"

"पेटतो!" लोक ओरडले. सगळ्यांत आधी मी.