आक्काचा अंगठा

गेली काही वर्षं मी भेटेल त्याला सांगत आलोय, की दुबईतल्या आमच्या कंपनीत आक्काचं नाव नाही, कारण परदेशात अंगठा चालत नाही. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीला हे पाठ झालंय. उचगावचे पाव्हणेसुद्धा लग्नकार्यात भेटले की तिकडचा कायदा लई कडक म्हणून मान हलवतात. कायदा तसा नाही. तो मीच केलेला होता. सत्तरी उलटून गेलीय, तेव्हा आता खरं काय ते सांगून टाकतो.

आक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन माहेरी आली आणि मागच्या खोलीतल्या हातमागावर बसली, ती आजही बसते. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही, पण साडीचा काठ तिच्या डोक्यातच तयार असतो, कागदावर काढावा लागत नाही. मी माग लवकर सोडला. बोलायला बरा, म्हणून विक्री माझ्याकडं आली.

माझा मुलगा दुबईत नोकरीला. त्याच्या ओळखीतल्या बायका आक्काच्या काठाच्या साड्या मागू लागल्या. आधी आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेतून पाठवायचो. मग मुलगा म्हणाला, इथं रीतसर कंपनीच काढू. आता बाहेरच्या माणसाला पूर्ण मालकी ठेवता येते, तिथला भागीदार घ्यावाच लागतो असं नाही. भागीदार तिघं, तो, मी आणि आक्का, हेही त्यानंच सुचवलं.

मला ते रुचलं नाही. बहिणीला साडीचोळी द्यावी, दिवाळीला ओवाळणी घालावी, हिस्सा देऊ नये, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. शिवाय उद्या तिच्या दिराची पोरं हक्क सांगत आली तर, अशी एक भीती मी सोयीनं जवळ ठेवली होती. मुलाला सांगितलं, आक्का नको म्हणते. आक्काला सांगितलं, तिकडं अंगठा चालत न्हाय. ती मागाच्या धोट्यात सुताची नवी कांडी घालत होती. बरं म्हणाली आणि विणू लागली.

एरवी कंपनी काढण्यात मजा आली. पहिल्यांदा नावावरच अडलं. आमच्या भागात दुकान म्हटलं की देवाचं नाव आलंच. आम्ही तीन देवींची तीन नावं पाठवली, तिन्ही परत आली. तिकडं धंद्याला देवाधर्माचं नाव देत नाहीत. शेवटी नुसतं ‘धोटा’ ठेवलं. मग साडी म्हणजे कापड की तयार कपडा, यावर तीन दिवस फोन चालले. परवान्यात नेमकं लिहावं लागतं, आणि साडी तर न शिवताच तयार असते. माझ्या मुखत्यारपत्रावर बेळगावात नोटरीचा शिक्का बसला, मग बंगळूरचा, दिल्लीचा, वर त्यांच्या वकिलातीचा. मी आजवर विक्रीला निपाणी-सदलग्यापलीकडं फारसा गेलो नव्हतो. माझ्या कागदानं माझ्याआधी देश पाहिला. करारनामा आला तो अर्धा अरबी, अर्धा इंग्रजी. शंभर हिस्से, साठ माझे आणि चाळीस मुलाचे.

पुढं गुंतवणूकदार म्हणून तिथलं ओळखपत्र काढायला मी स्वतः गेलो. काउंटरवरच्या मुलीनं सगळ्यात आधी माझी दहाही बोटं काचेवर ठेवून घेतली. ठसे पहिल्याच खेपेला उमटले. शेजारी एक गवंडी होता, त्याची बोटं झिजलेली, यंत्राला काही दिसेना. तो बिचारा शर्टाला पुसून पुसून पुन्हा ठेवत होता.

घरी आल्यावर खजूर वाटता वाटता ही गंमत मी रंगवून सांगितली. आक्काही ऐकत होती. आपण काय बोलून बसलो, हे मला दुसऱ्या दिवशी चहा पिताना कळलं. ती रोजच्यासारखी मागावर बसली होती. सुटलो असं समजलो.

पण परवाना दरवर्षी नवा होतो. मुलगा त्याचा फोटो पाठवतो, आणि दरवर्षी त्यावर दोनच नावं असतात. यंदा तो फोटो आला आणि मी मागाजवळ जाऊन बसलो.

“आक्का, तिकडं अंगठा चालतोय. मी खोटं बोललो.”

तिचा हात थांबला नाही. “दहा बोटं घेतली म्हणालास, तवाच समजलं मला.” आणखी चार ओळी विणून झाल्यावर म्हणाली, “घर सोडताना चालला माझा अंगठा. घ्यायच्या येळंला तेवढा चालंना.”

वडील गेल्यावर घराचं हक्कसोडपत्र झालं होतं, त्याबद्दल ती बोलत होती. अंगठा देणाऱ्याला कागद वाचून दाखवायचा आणि वाचणाऱ्यानं खाली तसं लिहून सही करायची, अशी रीत आहे. त्या कागदाखाली ‘वाचून दाखवले’ म्हणून सही माझी आहे. मी वाचला नव्हता. घरपट्टीचं काहीतरी आहे, असं तिला सांगितलं होतं.

माझ्या साठांतले तीस हिस्से तुझ्या नावावर करतो, घेशील का, असं मी विचारलं. नको म्हणेल असं वाटलं होतं.

“घेते. पर समदा कागद वाचायचा. एक वळ गाळायची न्हाय.”

आधी तिचा पासपोर्ट काढला. पासपोर्ट कचेरीतल्या यंत्राला तिची बोटं चौथ्या खेपेला दिसली. मग मुलानं नवा करारनामा पाठवला आणि मी एकेक वाक्य इंग्रजीत वाचून तिला मराठीत सांगत गेलो. दोन दुपारी गेल्या. मर्यादित जबाबदारी म्हणजे काय, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, कंपनी बुडाली तर घातलं तेवढंच जातं, घरादाराला हात लागत नाही, मालकानं बाकीचं अंगाला लावून घ्यायचं नाही. “मग तुला शोभतीया,” म्हणाली. भागीदारांची ओळ तिनं दोनदा वाचून घेतली. तीन नावं होती.

नोटरी आमच्याच भागातले, वयानं माझ्या मुलाएवढे. आक्काचा अंगठा शाईला टेकवण्याआधी त्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, आजी, कागद वाचून दाखवला का?

“व्हय,” आक्का म्हणाली, “ह्या खेपेला वाचलाय.”

‘ह्या खेपेला’ म्हणजे काय, ते त्यांना समजलं नाही. त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. अंगठ्याखाली मी ‘वाचून दाखवले’ असं लिहिलं आणि सही केली.