काचेमागची आग

सिरिलो हा माझा सख्खा धाकटा भाऊ. बाबा गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मातादेरोस वस्तीतल्या आमच्या अंगणात, बाबा जिथं मांस भाजायचे त्या विटांच्या चुलीपुढं त्याला उभा केला तो मी. आज सांगतो, अख्ख्या ब्वेनोस आयरेसमध्ये मांस भाजायला तसा हात नाही. जाळीवर नुसता तळहात धरून निखारा ओळखतो. त्याच्या हातून कधी बरगडी करपली नाही की कच्ची राहिली नाही. मोठ्या स्टेकहाउसवाल्यांनी त्याला नेलं आणि रस्त्याकडच्या काचेमागं आगीपुढं उभा केला, तेव्हा मी माझी बस तिथं मुद्दाम हळू करायचो. उतारूंना म्हणायचो, तो बघा, माझा भाऊ. गॅसवर मांस भाजणारा आमच्या घरात जन्मत नाही, हे तर डेपोत शंभरदा ऐकवलंय. सोमवारी त्याची सुट्टी. त्या दिवशी तो माझ्या अंगणात भाजायचा, आम्ही दोघंच खायचो.

मी निवृत्त झालो, तेव्हा रविवारी दुपारी आठ जणांना त्याच्याकडं जेवायला नेलं. दाराबाहेर ही रांग. भावाचं नाव सांगितलं, लगेच टेबल. मांस आलं, मऊ होतं. आमच्या गल्लीतला खाटीक ओस्मार दोन घास चावून हळूच म्हणाला, "गड्या, ह्याला धूर लागलेला नाही."

दात गेले तुझे, आता जीभपण गेली का, असं मी त्याला सुनावलं. पण कळलं मलाही होतं.

उठलो, काचेपाशी गेलो. आग झकास होती. पण निखाऱ्यांवर पांढरी राख जशीच्या तशी. चरबी गळाली की राखेवर काळे डाग पडतात. इथं एक डाग नाही. जाळीवरच्या चार बरगड्या सकाळपासून वाळून फळकुटं झालेल्या. मागचं दार उघडलं, वेटर भरल्या ताटल्या घेऊन आला, आणि आत निळ्या ज्वाळांची रांग दिसली.

"कधीपासून?" मी सिरिलोला विचारलं.

"दोन वर्षं झाली, दादा. एवढी गर्दी लाकडावर उरकत नाही म्हणतात."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

तो चिमट्यानं निखारे उगाच सारखे करत राहिला. "तू गावभर सांगत फिरायचास. कुठल्या तोंडानं सांगू?"

तेवढ्यात आमच्या टेबलावरून कुणीतरी रीतीप्रमाणं ओरडलं, भाजणाऱ्यासाठी टाळ्या. सगळं हॉटेल टाळ्या वाजवायला लागलं. सिरिलोनं मान लववली. मी त्याच्या शेजारीच उभा होतो, हात खिशात घालून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओस्मारच्या दुकानात गेलो. रांगेतल्या बायकांनी विचारलं, कसं होतं भावाकडचं जेवण. ओस्मार सुरी थांबवून माझ्याकडं बघत होता.

"बाबांच्या हातची चव," मी म्हटलं.

सोमवार होता, म्हणून ओस्मारनं न विचारताच दोघांपुरत्या बरगड्या काढल्या. मी म्हटलं, अर्ध्या परत ठेव.